लिंबांग ते स्टॅनली

१४ जून १९८२. दक्षिण अटलांटिकात ऐन हिवाळा सुरू होता. फॉकलंड बेटांवरच्या स्टॅनली गावात, सरकारी कचेरीच्या इमारतीत, एका टंकलिखित कागदावरून बोलणी अडली होती. अर्जेंटिनाचे जनरल मारियो मेनेंदेझ शरण यायला तयार होते, पण मसुद्यातला ‘बिनशर्त’ हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. समोर बसलेले ब्रिटिश मेजर जनरल जेरेमी मूर यांनी त्यावर वाद घातला नाही. शब्दावर रेघ मारली गेली, सह्या झाल्या, आणि कागदावर वेळ पडली ग्रीनिचप्रमाणे २३:५९. ७४ दिवसांचं युद्ध संपलं. अकरा हजारांच्या आसपास अर्जेंटिनी सैनिक युद्धकैदी झाले.

त्या एका शब्दासाठी आणखी एक रात्र तोफा चालू ठेवणारे सेनापती जगात कमी झाले नाहीत. मूर यांना घाई होती ती वेगळ्याच कारणाने. बाहेर बर्फाळ वारा सुटला होता, दोन्हीकडचे सैनिक ओल्या बुटांनी उघड्या डोंगरांवर बसले होते आणि गावातल्या घरांमध्ये बेटावरची माणसं कोंडलेली होती. सही झाली तर सकाळ सगळ्यांनाच दिसणार होती.

मूर लष्कराचे जनरल नव्हते. ते रॉयल मरीन्सचे होते, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या पोटातल्या पायदळाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने घरापासून सर्वांत दूर जाऊन केलेली ही लढाई. तिच्या जमिनीवरच्या सैन्याचा प्रमुख एक मरीन असावा, ही गोष्ट त्या दलाच्या इतिहासात अनोखीच होती. कारण मरीनला स्वतःचं जहाज नसतं. त्याला न्यायचं कोणी, कधी, कुठे उतरवायचं आणि मागाहून दारूगोळा कोणी पोहोचवायचा, हे सगळं दुसऱ्याच्या हाती. मरीन अधिकाऱ्याची निम्मी हुशारी परक्याच्या बोटीतून आपलं काम करून घेण्यात जाते. मूर यांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे जितकं स्वच्छ दिसतं, तितकं क्वचितच कुणाच्या दिसेल.

या दलाचा जन्म २८ ऑक्टोबर १६६४ चा. राजा दुसरा चार्ल्स याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्या नावाने बाराशे माणसांची एक ‘सागरी पलटण’ उभी राहिली. नुसता योगायोग म्हणून सांगायचं, तर याच्यानंतर महिनाभरातच, २५ नोव्हेंबरला, शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. आणि याच चार्ल्सला लग्नात आंदण मिळालेली मुंबई पुढच्या वर्षी फेब्रुवारीत प्रत्यक्ष इंग्रजांच्या ताब्यात आली. चार-पाच महिन्यांत तीन ठिकाणी समुद्र आणि जमीन यांच्या सांध्यावर माणसं बसवण्याचं काम चाललं होतं.

जहाजावरच्या मरीनचं जुन्या काळातलं काम फारसं रम्य नव्हतं. लढाईत शत्रूच्या डेकवर बंदुका चालवायच्या, आणि लढाई नसेल तेव्हा आपल्याच खलाशांच्या बंडापासून अधिकाऱ्यांचं रक्षण करायचं. खलाशांचं त्यांच्यावर प्रेम असण्याचं कारणच नव्हतं. १८०२ मध्ये तिसऱ्या जॉर्जने त्यांना ‘रॉयल’ ही उपाधी दिली. त्याआधी १७०४ मध्ये जिब्राल्टर घेताना आणि राखताना त्यांनी नाव कमावलं होतं, आणि आजही त्यांच्या दलाच्या बोधचिन्हात पृथ्वीच्या गोलाबरोबर जिब्राल्टरचंच नाव असतं. बाकीच्या लढायांची यादी एवढी लांब झाली होती, की ती चिन्हात मावण्यासारखी नव्हती.

आपल्या ओळखीचं कमांडो रूप त्यांना आलं दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या डील गावात पहिली रॉयल मरीन कमांडो तुकडी उभी राहिली. पुढच्या वर्षी ४२ कमांडो आली. मूर यांचं नाव पुढे कायमचं जिच्याशी जोडलं गेलं, ती हीच. ४२ कमांडोचा स्मरणदिन ३१ जानेवारी. १९४५ साली त्या दिवशी ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यावरच्या कांगाव इथे ‘हिल १७०’ नावाच्या टेकडीवर जपान्यांचा निकराचा हल्ला परतवला गेला. त्याच लढाईत कमांडोंच्या शेजारी ५१ वी भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. थोरातांच्या २/२ पंजाब पलटणीने ‘मेलरोज’ ही टेकडी संगिनी लावून घेतली. तिघांनाही डीएसओ हे पदक मिळालं. थोरात पुढे लेफ्टनंट जनरल झाले, पूर्व विभागाचे प्रमुख झाले. ब्रिटिश मरीन्सच्या पुस्तकांत ‘हिल १७०’ वर पानंच्या पानं असतात आणि मेलरोजला दोन ओळी मिळतात. भारतीय पुस्तकांत नेमकं उलट.

कांगाव झालं तेव्हा मूर सोळा वर्षांचे होते. जन्म ५ जुलै १९२८, इंग्लंडच्या मध्यभागी लिचफील्ड गावी. घर लष्करी, वडील लेफ्टनंट कर्नल आणि त्यांच्याकडे मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक. शिक्षण चेल्टनहॅमला. १९४७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मूर मरीन्समध्ये दाखल झाले. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. साम्राज्य आवरायला घेतलेलं, सैन्य कमी करायचं चाललेलं, आणि लंडनमध्ये दर दोन-चार वर्षांनी कुणी ना कुणी विचारायचं, की या मरीन्सची गरज काय? लष्कर आहे, नौदल आहे, मग मधलं हे कशाला? मूर यांची सगळी नोकरी या प्रश्नाच्या सावलीत झाली.

पहिलं उत्तर मलायाच्या जंगलाने दिलं. साम्यवादी बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत ४० कमांडोतले तरुण अधिकारी मूर आठवडेच्या आठवडे ओल्या जंगलात गस्त घालत होते. १९५२ मध्ये तिथल्या एका चकमकीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. वडिलांकडे होता तोच. त्यानंतरची दहा वर्षं शांततेतल्या कुठल्याही अधिकाऱ्याची असतात तशी गेली : शिकवण्याच्या नेमणुका, कचेऱ्या, सायप्रस. त्यावर रेंगाळण्यासारखं काही नाही.

रेंगाळायचं ते लिंबांगला.

८ डिसेंबर १९६२ रोजी ब्रुनेईत उठाव झाला. शेजारच्या सारावाकमध्ये, तेव्हा ती ब्रिटिश वसाहत होती, लिंबांग नावाचं नदीकाठचं छोटं ठाणं बंडखोरांनी घेतलं. तिथले ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड मॉरिस, त्यांची पत्नी आणि आणखी काही जण ओलीस धरले गेले. त्यांना फाशी देणार अशा बातम्या येत होत्या. सिंगापूरहून ४२ कमांडोची ‘एल’ कंपनी विमानाने ब्रुनेईला आणली गेली. कंपनीचा प्रमुख कॅप्टन जेरेमी मूर. हाताखाली नव्वदीच्या आतबाहेर माणसं. समोर किती बंडखोर, ओलीस नेमके कुठे ठेवलेत, नदीला पाणी किती, यातलं जवळपास काहीच ठाऊक नाही. मुख्य म्हणजे तिथे जायला रस्ता नव्हता. नदीतून जायचं, आणि बोटी नव्हत्या.

मग ब्रुनेईच्या धक्क्यावर पडलेले दोन सपाट तळाचे बार्ज ताब्यात घेतले गेले. अवजड यंत्रं आणि वाहनं नेणारे ओबडधोबड, संथ बार्ज. बंदुकीच्या गोळीपुढे त्यांचा पत्रा काही टिकायचा नव्हता, म्हणून जे हाताला लागलं त्याने आडोसा उभा केला. चालवायला सुरुंगशोधक जहाजांवरचे नौदलाचे लोक आले, आणि त्यांच्या तुकडीचा प्रमुख होता फिस्कर्टन या जहाजाचा अधिकारी जेरेमी ब्लॅक. म्हणजे स्वारीवर दोन जेरेमी. एकाने पाण्यातून न्यायचं, दुसऱ्याने जमिनीवर उतरायचं.

मध्यरात्रीच्या सुमाराला निघाले. निपा ताडांच्या दलदलीतून वाट काढत, फाटे चुकत, अधूनमधून यंत्रं बंद करून थांबत १२ डिसेंबरच्या पहाटे लिंबांगच्या जवळ आले. गाव जागं होतं, दिवे लागलेले होते. मग एकदम सगळे दिवे गेले. लपून पोहोचण्याची आशा तिथेच संपली. पुढच्या बार्जवरून गुप्तवार्ता विभागाच्या सार्जंटने भोंग्यावर मलायी भाषेत पुकारलं, की बंड संपलं आहे, शस्त्रं खाली ठेवा. उत्तर गोळ्यांचं आलं.

पोलीस ठाण्यासमोर पहिला बार्ज काठाला लागायच्या आतच माणसं पडू लागली होती. सुकाणूवरच्या खलाशाला गोळी लागली. मागच्या बार्जवर दोन व्हिकर्स मशीनगन होत्या, त्यांनी ठाण्यावर मारा धरला म्हणून उतरलेल्यांना पुढे सरकता आलं. ठाणं हातात आलं. पण पुढच्या बार्जवरची बाकीची माणसं अजून पाण्यातच होती. मूर यांनी बार्ज मागे घ्यायला लावला आणि ठाणं आणि इस्पितळ यांच्या मधल्या पट्ट्यात पुन्हा काठावर चढवला. आणि तिथे एक अजब प्रकार झाला. इस्पितळातून गाण्याचा आवाज येऊ लागला. ओलीस ठेवलेले मॉरिस एका जुन्या अमेरिकी लोकगीताच्या चालीवर, स्वतःच जुळवलेले इंग्रजी शब्द ओरडून गात होते. आपल्याच सोडवणाऱ्यांच्या गोळीने मरायचं नसेल तर आपण ओलीस आहोत हे त्यांना कळायला हवं, एवढा साधा त्यामागचा हिशेब. मरीन्सना कळलं. मॉरिस पतिपत्नी सुखरूप सुटले, बाकीचे ओलीसही सुटले.

पाच मरीन मारले गेले. छोट्या कंपनीच्या मानाने हा आकडा मोठा आहे, आणि तो कुणी झाकत नाही. मूर यांना मिलिटरी क्रॉस दुसऱ्यांदा मिळाला. ४२ कमांडोची ‘एल’ कंपनी तेव्हापासून ‘लिंबांग कंपनी’ म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगात मरीन अधिकाऱ्याच्या कसबाचं सगळं गाठोडं सुटलेलं दिसतं. नकाशा अपुरा, बोट उसनी, चालवणारा दुसऱ्या दलाचा, आणि पहिली योजना काठाला लागायच्या आत मोडलेली. अशा वेळी ‘मागे घे आणि पुन्हा लाव’ एवढं सुचणं हीच कामगिरी. शौर्य पुष्कळांकडे असतं. सुकाण्याशी बोलून बार्ज दुसऱ्यांदा त्याच गोळीबारात घालायला लावणं हे वेगळंच काम आहे, कारण सुकाणूवरचा माणूस तुमच्या हुकमाखाली असतोच असं नाही.

ही सवय लावणारी जागा म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येला, एक्स नदीच्या खाडीकाठचं लिम्पस्टन इथलं प्रशिक्षण केंद्र. गेटजवळ स्वतःचं छोटं रेल्वे स्थानक आहे आणि केंद्रात काम नसेल तर इथे उतरू नये, अशी तिथे पाटी आहे. ब्रिटनमध्ये लष्कराचे अधिकारी सँडहर्स्टला आणि जवान वेगळीकडे घडतात. मरीन्समध्ये दोघंही इथेच, त्याच चिखलात, त्याच दोरांवर. फरक एवढाच, की अधिकाऱ्याला निकष कठीण. शेवटच्या परीक्षेत डार्टमूरच्या माळावरून तीस मैल जवानाने आठ तासांत पार करायचे, अधिकाऱ्याने सात तासांत. त्याआधी नऊ मैलांची दौड नव्वद मिनिटांत, पाण्याखालच्या बोगद्यातून जाणारी सहनशक्तीची परीक्षा आणि उंचावरच्या दोरांवरची ‘टारझन’ कसरत. सगळं जमलं तर हिरवी टोपी. हिरव्या टोपीची सक्ती कशाला, असं कुणी विचारलं तर मरीन लोक एकच सांगतात : जहाजावरून उतरलेल्या माणसाला मागे जायला जागा नसते. पटो न पटो, फॉकलंडमध्ये हे शब्दशः खरं निघालं.

लिंबांगनंतर मूर यांची चढती कमान साधी होती. १९७२ मध्ये ते ४२ कमांडोचे प्रमुख होते आणि तुकडी उत्तर आयर्लंडमध्ये होती. त्या वर्षी ३१ जुलैला ‘ऑपरेशन मोटरमन’ झालं. आयरिश बंडखोरांनी बंद करून ठेवलेले मोहल्ले हजारो सैनिकांनी एका रात्रीत मोकळे केले. आपल्याच देशाच्या रस्त्यांवर, आपलीच भाषा बोलणाऱ्यांमध्ये बंदूक घेऊन उभं राहण्याचं ते काम. त्याबद्दल त्यांना ओबीई हा किताब मिळाला.

त्यानंतरची नेमणूक वाचून हसू येईल. १९७३ ते ७५ मूर रॉयल मरीन्सच्या संगीतशाळेचे प्रमुख होते. दोन मिलिटरी क्रॉसवाला माणूस डील गावात क्लॅरिनेट आणि झांजा यांच्या मध्ये. पण या दलात बँड म्हणजे नुसती शोभा नाही. महायुद्धात बँडवाले जहाजाच्या तळाशी बसून तोफांचा नेम ठरवणारी यंत्रं चालवायचे, आणि जहाज बुडालं की तळाशी असणाऱ्यांचं काय होतं हे सांगायला नको. १९८२ मध्ये हेच वादक ‘कॅनबेरा’ या प्रवासी जहाजावर जखमींचे स्ट्रेचर वाहत होते. डीलच्या या बराकींमध्ये १९८९ मध्ये आयआरए या आयरिश बंडखोर संघटनेने बाँबस्फोट घडवला आणि अकरा वादक मारले गेले. पुढे शाळा पोर्ट्‌स्मथला हलली.

१९७७ मध्ये मूर यांच्याकडे ३ कमांडो ब्रिगेड आली, १९७९ मध्ये ते मेजर जनरल आणि कमांडो दलांचे प्रमुख झाले. १९८२ चा वसंत आला तेव्हा ते निवृत्तीच्या वाटेवर होते. आणि त्यांच्या दलाच्या पायाखालची जमीनही सरकली होती. आदल्या वर्षी संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी खर्चकपातीचा आराखडा काढला होता, त्यात मरीन्सना किनाऱ्यावर उतरवणारी ‘फिअरलेस’ आणि ‘इंट्रेपिड’ ही दोन्ही जहाजं मोडीत निघणार होती. ती नसतील तर मरीन्स कशावरून उतरणार? थोडक्यात, जुनाच प्रश्न.

२ एप्रिलला अर्जेंटिनाने फॉकलंड घेतलं. तिथे मूठभर मरीन होते, त्यांनी लढून मग गव्हर्नरच्या हुकमाने शस्त्रं ठेवली. रस्त्यावर पालथे पडलेले ब्रिटिश मरीन, असा फोटो जगभर छापून आला. बाकी काहीही झालं नसतं तरी या फोटोनेच दल पेटलं असतं. दुसऱ्या दिवशी दक्षिण जॉर्जिया बेटावर लेफ्टनंट कीथ मिल्स आणि बावीस मरीन यांनी एक हेलिकॉप्टर पाडलं, एका युद्धनौकेला जबर भोकं पाडली आणि मगच हात वर केले.

ब्रिटिश आरमार निघालं. ध्वजनौका ‘हर्मिस’. ही १९७३ पासून काही वर्षं खास कमांडो वाहून नेणारं जहाज म्हणून राबली होती आणि या वेळीही ४० कमांडोची एक कंपनी तिच्यावर होती. हर्मिसला मुंबईकर दुसऱ्या नावाने ओळखतात : आयएनएस विराट. १९८७ मध्ये ती भारतीय नौदलात आली, तिच्यावरची सी हॅरियर विमानं गोव्याच्या दाभोळीला राहिली, आणि २०१७ च्या मार्चमध्ये मुंबईतच तिला निरोप दिला गेला. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायचा ८५२ कोटींचा बेत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मंजूरही केला होता. झालं काहीच नाही. २०२० मध्ये ती भंगारासाठी अलंगला गेली.

जमिनीवरची मुख्य लढाई ब्रिगेडियर ज्युलियन थॉम्पसन यांच्या ३ कमांडो ब्रिगेडने सुरू केली, हे मूर यांच्याबद्दल लिहिताना विसरून चालणार नाही. उतरायची जागा निवडायला मदत झाली ती एका शिडाच्या होड्यांच्या वेड्या माणसाची. मेजर युवन साउदबी-टेल्युअर काही वर्षांपूर्वी फॉकलंडमधल्या मरीन तुकडीचे प्रमुख होते आणि मोकळ्या वेळात होडीतून फिरून त्यांनी शेकडो मैलांच्या किनाऱ्याची, खाड्यांची, खडकांची टिपणं काढली होती. वरिष्ठांना तेव्हा हा छंद वाटला असेल. १९८२ मध्ये त्या वह्यांइतकी मोलाची गोष्ट ब्रिटिश सैन्याकडे क्वचितच असेल. २१ मेच्या पहाटे सॅन कार्लोसला सैन्य उतरलं.

मूर आधी लंडनजवळ नॉर्थवुडला मोहिमेचे प्रमुख ॲडमिरल फील्डहाउस यांचे जमिनीवरच्या लढाईचे सल्लागार होते. मग त्यांना सगळ्या भूसेनेचा प्रमुख म्हणून पाठवलं. पुढे गेले ते ‘क्वीन एलिझाबेथ २’ या ऐषारामी जहाजातून, म्हणजे पुन्हा उसन्या बोटीतून. आणि इथे गाडं अडलं. वाटेत कित्येक दिवस त्यांचा आघाडीशी धड संपर्कच राहिला नाही. नेमक्या याच दिवसांत ‘ॲटलांटिक कन्व्हेअर’ हे मालवाहू जहाज बुडालं, त्याबरोबर चारपैकी तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली, आणि लंडनला विजयाची घाई झाली. गूज ग्रीन या वस्तीवर हल्ला करा, असा दट्ट्या थॉम्पसन यांना उपग्रह फोनवरून थेट नॉर्थवुडहून मिळाला. मधे ढाल म्हणून उभा राहणारा मेजर जनरल समुद्रात कुठेतरी मुका बसला होता. थॉम्पसन एकीकडे लढाई चालवत होते आणि दुसरीकडे दर थोड्या वेळाने फोनवर लंडनची समजूत घालत होते. मूर यांच्या नेमणुकीचा हेतूच हा फोन थॉम्पसनच्या कानावरून काढायचा होता. ३० मेला ते पोहोचले आणि तेव्हापासून तो फोन त्यांचा झाला.

हेलिकॉप्टरं गेल्यामुळे ४५ कमांडोच्या माणसांना पाठीवर चाळीसेक किलोचं ओझं घेऊन चिखलातून, दगडांच्या नद्यांवरून चालत जावं लागलं. लिम्पस्टनच्या तीस मैलांचा हिशेब इथे वसूल झाला. पण लष्कराची ५ वी ब्रिगेड मागाहून आली, तिला ना तेवढी चालण्याची सवय ना वाहनं. तिचे लोक झपकन पुढे बसवण्याच्या नादात समुद्रमार्गे फिट्झरॉयला नेले गेले. ८ जूनला ‘सर गॅलाहाड’ जहाज खाडीत उभं असताना, माणसं अजून खाली उतरली नसताना, अर्जेंटिनी विमानं आली. ४८ जण गेले, त्यांतले ३२ वेल्श गार्ड्‌स. त्या खाडीत साउदबी-टेल्युअर हजर होते आणि माणसं ताबडतोब उतरवा म्हणून सांगत होते. कोण कुणाच्या हुकमाखाली, बोट कुणाची, माणसं कुणाची, यात वेळ गेला. या दिवसाची जबाबदारी मूर यांच्यापर्यंत येते का, यावर ब्रिटनमध्ये अजून वाद होतात. प्रमुख ते होते, त्यामुळे काही वाटा त्यांच्याकडे येणारच. दोन ब्रिगेडची सांगड त्यांना वेळेत घालता आली नाही, असंच म्हणावं लागेल.

मात्र एक बाजू त्यांनी फार शांतपणे सांभाळली आणि तिची चर्चा कमी होते. बेटांवर विखुरलेल्या मेंढपाळ वस्त्यांसाठी स्टॅनलीचे डॉक्टर रोज वायरलेसवर रुग्णांची चौकशी करायचे. कुणाला ताप, कुणाचं मूल रडतंय, कोणत्या गोळ्या द्यायच्या. अर्जेंटिनी सैन्याने ही सोय चालू ठेवली होती. मूर यांच्या मुख्यालयात कॅप्टन रॉड बेल हा मरीन अधिकारी होता, लहानपणी कोस्टारिकात वाढलेला, स्पॅनिश मातृभाषेसारखी बोलणारा. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून बेल या वैद्यकीय लहरीवर येऊन बोलू लागला. धमकी नाही. आम्ही चांगलं लढणाऱ्या शत्रूचा मान राखतो, गावातल्या माणसांचा विचार करा, एवढंच, पुन्हा पुन्हा. पलीकडून उत्तर येत नव्हतं, पण ऐकलं जात होतं. स्टॅनलीत डॉक्टर ॲलिसन ब्लीनी तो संदेश अर्जेंटिनी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी धडपडत होत्या. ११ ते १४ जूनच्या रात्रींत माउंट हॅरिएट, टू सिस्टर्स, लाँगडन, टंबलडाउन या टेकड्या एकामागून एक पडल्या. हॅरिएट घेणारी तुकडी ४२ कमांडो, मूर यांचीच जुनी. १४ ला पांढरी निशाणं दिसू लागल्याची बातमी आली आणि याच लहरीवर पलीकडून उत्तर आलं.

म्हणून त्या रात्री ‘बिनशर्त’ वर रेघ मारणं हे काही क्षणात सुचलेलं औदार्य नव्हतं. आठवडाभर शत्रूशी ज्या सुरात बोलणं चाललं होतं, त्याचंच ते टोक होतं. सही करून मूर ‘वेस्ट स्टोअर’ या दुकानात गेले. तिथे गावातली माणसं आसऱ्याला दाटीवाटीने बसली होती. मूर यांनी आपलं नाव सांगितलं आणि यायला साडेतीन आठवडे लागले याबद्दल माफी मागितली. मग कैद्यांना उबदार ठेवायचं आणि घरी पाठवायचं, हा प्रश्न लगेच समोर आला, कारण तंबू समुद्राच्या तळाशी गेले होते. चार हजारांहून अधिक कैदी ‘कॅनबेरा’ ने अर्जेंटिनाला पोहोचवले. महिन्यापूर्वी तिच्यावरूनच ब्रिटिश सैनिक उतरले होते. २५५ ब्रिटिश, ६४९ अर्जेंटिनी आणि बेटावरच्या तीन स्त्रिया या लढाईत मेल्या.

दुसऱ्या जेरेमीचं काय झालं? जेरेमी ब्लॅक या युद्धात ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू जहाजाचे कप्तान होते. वीस वर्षांपूर्वी लिंबांगला ज्याने बार्ज काठाला लावले, तोच आता विमानं उडवून मूर यांच्या डोक्यावरचं आकाश राखत होता.

मूर यांना नाइटहूड मिळाला, आणि १९८३ मध्ये ते निवृत्त झाले. वर जायला जागा नव्हती. इतक्या छोट्या दलात वरच्या खुर्च्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. विजयी सेनापतीला नागरी जगात लगेच कुणी उचलून घेतलं नाही, आणि पुढे काही काळ ते ब्रिटनच्या अन्नप्रक्रिया कारखानदारांच्या संघटनेचे महासंचालक होते. बिस्किटं आणि डबाबंद अन्न यांच्यावर बोलणारे मूर कुणाला खटकले असतीलही, पण ज्याने अकरा हजार कैद्यांच्या जेवणाची काळजी केली त्याला हे काम अगदीच परकं वाटलं नसावं. सप्टेंबर २००७ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, ते वारले.

‘फिअरलेस’ आणि ‘इंट्रेपिड’ वाचल्या, नंतर त्यांच्या जागी ‘ॲल्बियन’ आणि ‘बुलवर्क’ आल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात या दोघींनाही सेवेतून काढण्याचा निर्णय झाला. कारण तेच, खर्च. आणि सहा महिन्यांनी, २०२५ च्या मे महिन्यात, जनरल ग्विन जेंकिन्स यांची फर्स्ट सी लॉर्ड म्हणून, म्हणजे संपूर्ण ब्रिटिश नौदलाचे प्रमुख म्हणून निवड झाली. दलाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात या जागेवर बसलेले ते पहिले मरीन. आपल्या लोकांना किनाऱ्यावर न्यायला बोटी कुठून आणायच्या, हे ठरवण्याचं काम आता पहिल्यांदाच एका मरीनच्या टेबलावर आलं आहे.